एकच रेणू, तीन वाटा : हायड्रोजेल प्रकल्पाच्या नोंदी

४ जुलै

ही वही सुरू करण्याचं कारण म्हणजे न जुळलेले दोन आकडे. मागच्या आठवड्यात एकाच बाटलीतली पावडर घेऊन सोमवारी आणि मंगळवारी जेल केलं. प्रमाण दोन्ही दिवशी ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, शेवटचा सामू जवळपास सारखा, तापमान २५ अंश. सोमवारच्या जेलचा जी-प्राइम (रिओमीटर या यंत्रावर मोजलेला घट्टपणा) ९,००० पास्कलच्या आसपास आला आणि मंगळवारच्याचा ४००. वजनं पुन्हा पाहिली, तराजू तपासला, पिपेट तपासलं. सगळं बरोबर आहे.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सरासरी काढू नकोस. हा फरक कुठून आला ते शोध, तोच तुझा प्रकल्प."

रेणूची ओळख एकदा लिहून ठेवते. एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलनिन, आम्ही त्याला एफमॉक-एफएफ म्हणतो. दोन फिनाइलअ‍ॅलनिन जोडलेले आणि नायट्रोजनच्या टोकाला एफमॉक गट. रेणुभार ५३४.६. एफमॉक गट कार्पिनो यांनी १९७० मध्ये पेप्टाइड जोडताना अमाइनला झाकण म्हणून आणला, काम झालं की काढून टाकायचा. तेच झाकण ठेवून दिलं तर हा छोटा रेणू पाण्याचं जेल करतो, हे २००६ मध्ये तेल अवीवमधल्या गाझित यांच्या आणि मँचेस्टरमधल्या उलाइन यांच्या गटांनी दाखवलं.

आमच्या जेलमध्ये वजनाने अर्धा टक्का पदार्थ आहे, बाकी पाणी. हिशेब केला : एफमॉक-एफएफच्या एका रेणूमागे पाण्याचे साधारण ५,९०० रेणू येतात. या रेणूंमध्ये एकमेकांशी सहसंयुजी बंध एकही नाही. हायड्रोजन बंध, वलयांची एकावर एक रचना आणि पाण्यापासून दूर राहण्याची ओढ, एवढ्यावर ते तंतू होतात, तंतूंचं जाळं होतं, आणि जाळं पाण्याला धरून ठेवतं. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

७ जुलै

कुपी उलटी करून पाहण्याच्या परीक्षेबद्दल. आपण सगळेच करतो : उलटी केली, खाली पडलं नाही, म्हणजे जेल झालं. ही परीक्षा खरोखर किती सांगते ते आज कागदावर मांडलं. कुपीची आतली त्रिज्या ७ मिलिमीटर. आतल्या पदार्थाचं वजन भिंतीवरच्या घर्षणाने तोलायचं असेल, तर भिंतीवर लागणारा स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचं बल) म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या, भागिले दोन. सुमारे ३४ पास्कल. पदार्थाची उंची या सूत्रात येतच नाही. म्हणजे उलट्या कुपीत न पडणारा पदार्थ एवढंच सांगतो की तो तीसचाळीस पास्कलच्या स्ट्रेसला वाहत नाही. ४०० चं जेलही पडलं नव्हतं आणि ९,००० चंही नाही. डोळ्यांना दोन्ही एकच.

यापुढे "जेल झालं" हे वाक्य वहीत एकटं लिहायचं नाही. आकडा हवा.

१० जुलै

वाचन. याच रेणूचे छापून आलेले जी-प्राइमचे आकडे काही पास्कलपासून २०,००० पास्कलच्या वरपर्यंत पसरलेले आहेत. कोणी हे चुकीचं मोजलं असं मला वाटत नाही. प्रत्येकाने जेल वेगळ्या वाटेने केलं आहे. कोणी डीएमएसओमध्ये (पाण्यात मिसळणारा एक सेंद्रिय विद्रावक) विरघळवून पाणी घातलं, कोणी अल्कलीत विरघळवून आम्ल घातलं, कोणी आम्ल थेंबाथेंबाने घातलं तर कोणी आतल्या आत हळूहळू तयार होऊ दिलं. लेखात मात्र पदार्थाचं नाव आणि प्रमाण ठळक, आणि कृती एका ओळीत.

ठरवलं : तीन वाटा, बाकी सगळं एक.

पहिली, विद्रावकाची. डीएमएसओमध्ये १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण, त्यात वीसपट होईपर्यंत पाणी. शेवटी डीएमएसओ ५ टक्के.

दुसरी, जीडीएलची. एक सममूल्य सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाण्यात विरघळवायचं, सामू १०.५ च्या वर. मग ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन, म्हणजेच जीडीएल. हे पाण्यात आधी विरघळतं आणि नंतर सावकाश ग्लुकोनिक आम्ल होतं, त्यामुळे सामू संपूर्ण कुपीत एकाच वेगाने उतरतो. या रेणूंसाठी ही युक्ती डेव्ह अ‍ॅडम्स यांच्या गटाने २००९ मध्ये वापरली.

तिसरी, सरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, ढवळत ढवळत.

१४ जुलै

तिन्ही करून पाहिल्या, आज मोजमाप नाही, फक्त पाहणं.

डीएमएसओच्या द्रावणात पाणी पडताच कुपी दुधासारखी पांढरी झाली आणि हाताला किंचित कोमट लागली (डीएमएसओ आणि पाणी मिसळताना उष्णता निघतेच). मग पुढच्या काही मिनिटांत पांढरेपणा आपोआप विरत गेला आणि कुपी जवळजवळ पारदर्शक झाली. तोवर आतला पदार्थ घट्ट झाला होता. आधी रेणूंचे थेंबांसारखे गोळे होतात, ते प्रकाश विखुरतात, आणि मग त्यांतलाच पदार्थ तंतूंमध्ये जातो, असं याचं स्पष्टीकरण आहे. तीन वेळा केलं, तीन वेळा बघत बसले.

जीडीएलच्या कुपीत बराच वेळ काहीच दिसलं नाही. संध्याकाळी द्रावण दाट वाटलं, सकाळी एकसंध जेल.

हायड्रोक्लोरिक आम्लाचं दृश्य वाईट. थेंब पडला तिथे लगेच पांढरी गुठळी. ढवळल्यावर गुठळ्या फुटल्या, विरघळल्या मात्र नाहीत. थेंबाभोवती सामू क्षणभर खूप खाली जातो आणि रेणू तिथल्या तिथे जुळतात. मिसळण्यापेक्षा जुळणं वेगवान, ही खरी अडचण.

१८ जुलै

रिओमीटर. आजचा पूर्ण दिवस यंत्राशी जमवून घेण्यात गेला.

जी-प्राइम म्हणजे पदार्थ हलवला असता जेवढी ऊर्जा साठवून परत देतो त्याचं माप, जी-डबलप्राइम म्हणजे जेवढी आतल्या आत खर्च करतो त्याचं. चांगल्या जेलमध्ये पहिला दुसऱ्याच्या सुमारे दहापट असतो आणि वारंवारता बदलली तरी फारसा हलत नाही.

सकाळी कुपीतलं जेल चमच्याने उचलून २५ मिलिमीटरच्या सपाट तबकडीवर ठेवलं, तबकड्यांमधली फट १ मिलिमीटर. आकडा आला १,१०० पास्कल. तेच जेल दुसऱ्यांदा उचललं तर ६५०. चमच्यानेच जाळं मोडत होतं. मग द्रावण तबकड्यांमध्ये ओतून तिथेच जेल होऊ दिलं. या फटीत अर्धा मिलिलिटर मावतं. कडेने सिलिकॉन तेलाचं कडं केलं, नाहीतर रात्रभरात पाणी उडून कड सुकते आणि आकडा उगाच वर चढतो. आता आला ७,८००.

मोठ्या स्ट्रेनला (जेल मूळ आकारापासून किती टक्के ताणलं ते) आकडा अचानक गुळगुळीतपणे कोसळला, ते मला खरं वाटलं नाही. जेल तुटलं नव्हतं, तबकडीवरून घसरलं होतं. खरबरीत तबकडी लावल्यावर तो उतार गेला. शेवटी सगळ्या नमुन्यांसाठी एकच पद्धत ठरवली : कुपीतच जेल करायचं आणि पात्यांची फिरकी आत ठेवूनच ते जमू द्यायचं. उचलणं नाही, घसरणंही कमी. यापुढचे सगळे आकडे या फिरकीचे.

२३ जुलै

जीडीएलच्या कुपीत सामूचा इलेक्ट्रोड आणि दुसऱ्या तशाच कुपीत फिरकी, दोन्ही रात्रभर चालू ठेवलं. सकाळी दोन्ही आलेख एकाखाली एक लावले.

सामू १०.६ पासून भरभर उतरला, ९.५ च्या आसपास अडखळला, तिथे बराच वेळ जवळजवळ सपाट राहिला, मग पुन्हा उतरला. सहाच्या खाली दुसरा, लहान अडथळा. शेवट ३.८. रिओमीटरच्या आलेखातही दोन पायऱ्या : पहिल्या सपाटीच्या वेळी जी-प्राइम थोडा वर येऊन स्थिरावला, नंतर खूप मोठी चढ.

साध्या कार्बॉक्सिलिक आम्लाच्या हिशेबाने या रेणूने साडेतीनच्या आसपास प्रोटॉन घ्यायला हवा. तो साडेनऊलाच घ्यायला लागतो. २००९ मध्ये सामूच्या मोजणीतून हे दाखवलं गेलं आहे : जुळलेल्या रेणूंचे ऋणभार एकमेकांच्या अगदी शेजारी येतात, ते रेणूंना परवडत नाही, म्हणून प्रोटॉन लवकर घेतले जातात. वाचलं होतं तेव्हा डोळ्यांखालून गेलं होतं. आज सपाट रेषा समोर दिसली तेव्हा अर्थ कळला : सामू दहाच्या जरा खाली आला की कुपीत तंतू तयार होऊ लागलेले असतात. आपल्याला द्रावण दिसतं, पण ते आता नुसतं द्रावण राहिलेलं नाही.

२४ जुलै

रात्री झोप लागेना, कारण वरचं शेवटचं वाक्य. मंगळवारचं द्रावण!

सोमवारी अल्कलीतलं द्रावण ताजं केलं होतं. उरलेलं झाकण नीट न लावता ठेवलं आणि मंगळवारी तेच वापरलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीत विरघळतो आणि सामू उतरवतो. उतरून साडेनऊला पोहोचलं असेल तर जीडीएल घालण्याआधीच त्यात तंतू झाले होते, आणि मी ते चुंबकाच्या कांडीने जोरात ढवळलं होतं.

आज पडताळणी. तीन द्रावणं : ताजं, रात्रभर घट्ट बंद नायट्रोजनखाली, रात्रभर उघडं. (काल संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी ठेवली होती, ती उपयोगी पडली.) सामू अनुक्रमे १०.६, १०.५, ९.६. तिघांतही जीडीएल घातलं.

२५ जुलै

ताजं ८,६००. बंद ८,१००. उघडं ५२०.

उलगडलं. एफमॉक गट अल्कलीत हळूहळू तुटतो, म्हणून ती शंकाही एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) तपासली. तुटलेला भाग तिन्हींत नगण्य. म्हणजे रेणू तोच आणि तेवढाच होता. फरक फक्त एवढा की एका कुपीतले रेणू एक टप्पा आधीच चालून आले होते आणि त्या टप्प्यावर कोणीतरी त्यांना विस्कटलं होतं.

नियम : अल्कलीतलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं, वापरण्याआधी सामू वहीत लिहायचा.

१ ऑगस्ट

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही वाटांचे सुकवलेले नमुने. चित्रं सुंदर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं, पातळ भिंती, तिन्हींत जवळजवळ सारखी. प्रकल्प गटाच्या बैठकीत मी म्हणाले की तिन्ही जेलची रचना एकच दिसते, मग यांत्रिक गुणांत फरक का?

मॅडमनी विचारलं, "सुकवलं कसं?"

"गोठवून, निर्वातात."

"मग ही छिद्रं बर्फाची आहेत. जेलची नव्हेत."

बरोबर होतं. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक वाढतात आणि तंतूंना ढकलत ढकलत दोन स्फटिकांमधल्या फटीत दाबून बसवतात. मग बर्फ उडून जातो आणि त्याचा साचा उरतो. पदार्थ अर्धा टक्का आणि पाणी साडेनव्व्याण्णव टक्के, आणि आपण ते पाणी काढून मग विचारतो की रचना कशी होती. साधं हवेत सुकवलं तरी तेच, फक्त तंतू एकमेकांना चिकटून जाड होतात. ती सुंदर चित्रं अहवालात घालायची नाहीत असं ठरलं. मन जड झालं, तीन दिवस त्यांत गेले होते.

५ ऑगस्ट

ओलं जेल, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, नाईल ब्लू हा रंग. रंगाची मात्रा मायक्रोमोलर एवढीच, जास्त घातला तर तोच जुळणीत ढवळाढवळ करतो. रंग घातलेल्या आणि न घातलेल्या जेलचे जी-प्राइम आधी ताडून पाहिले.

जीडीएलचं जेल : संपूर्ण चौकटीत एकसारखी बारीक धाग्यांची वीण. कुठेही मध्य नाही, कड नाही.

डीएमएसओचं जेल : गोल. पडदाभर गोल. प्रत्येकाच्या मध्यातून तंतू चारी दिशांना बाहेर फुटलेले, आणि शेजारच्या गोलाला टेकले की थांबलेले. यांना स्फेरुलाइट म्हणतात. सगळे साधारण वीसतीस मायक्रोमीटरचे. पाणी पडलं तेव्हा ठिकठिकाणी केंद्रकं, म्हणजे वाढीची बीजं, तयार झाली आणि प्रत्येकातून तंतू वाढत गेले, हे या एका चित्रात वाचता येतं.

आम्लाचं जेल : दाट गुठळ्या, मधे जवळपास रिकामी तळी.

कॉन्फोकलला दोनशे नॅनोमीटरपेक्षा बारीक वेगळं दिसत नाही आणि हे तंतू काही नॅनोमीटर जाडीचे, तेव्हा पडद्यावर दिसतात त्या तंतूंच्या जुड्या. तरीही पाणी जागेवर असताना काढलेलं हे पहिलं चित्र. एक तारखेचा प्रश्न इथे सुटला : रचना एकच नाही, आम्ही चुकीच्या मापाने आणि कोरडी करून पाहत होतो.

९ ऑगस्ट

आता ताकद. ताज्या द्रावणापासून केलेली जेल, १८ तासांनंतर मोजलेली, प्रत्येकी चार कुप्या.

जी-प्राइम : जीडीएल ८,००० च्या आसपास, चारही जवळजवळ. डीएमएसओ ११,००० च्या आसपास, थोडी जास्त पसरण. हायड्रोक्लोरिक आम्ल ३०० ते ४,०००, चार कुप्यांची चार उत्तरं. पहिल्या दोन वाटांचा शेवटचा सामूही जवळचाच निघाला, चारच्या आसपास. फक्त हा आकडा छापला असता तर वाचणारा म्हणाला असता की जीडीएल आणि डीएमएसओ यांत काही फरक नाही.

म्हणून मोडून पाहिलं. ०.५ टक्के स्ट्रेनवर तीन मिनिटं, मग ३०० टक्क्यांवर एक मिनिट, पुन्हा ०.५ वर. मोडल्यानंतर दोन्ही वाहू लागली, जी-डबलप्राइम वर गेला. स्ट्रेन कमी केल्यावर डीएमएसओचं जेल काही सेकंदांत उभं राहिलं आणि दहा मिनिटांत मूळच्या चार पंचमांशापर्यंत आलं. जीडीएलचं एक दशांशही परतलं नाही. तासभर थांबले, रात्रभर थांबले. नाही.

का ते कॉन्फोकलच्या चित्रावरून पटतं. जीडीएलच्या जेलमध्ये तंतू लांब आणि सलग, ताकद त्या सलगपणातच. मोडताना तंतूच तुटतात, आणि तुटलेली टोकं सामान्य तापमानाला पुन्हा जुळायला द्रावणात मोकळे रेणू फारसे उरलेले नसतात. डीएमएसओच्या जेलमध्ये मोडण्याची जागा आधीच ठरलेली आहे, गोल आणि गोल यांच्यामधली सीमा. गोल एकमेकांवरून सरकतात, आतून शाबूत राहतात, आणि हालचाल थांबली की कडेचे तंतू पुन्हा एकमेकांत अडकतात. सुईतून सोडून पलीकडे पुन्हा घट्ट व्हावं असं जेल हवं असेल तर डीएमएसओचं उपयोगी, जीडीएलचं नाही, आणि जी-प्राइम हे सांगत नाही.

याच वहीत चार जुलैला मी जी-प्राइमलाच "ताकद" धरून बसले होते. तो ताठपणा आहे. किती ताणल्यावर मोडतं आणि मोडल्यावर परत येतं का, हे वेगळे प्रश्न आहेत.

१४ ऑगस्ट

रिओमीटर दुसऱ्या गटाकडे. कुप्या धुतल्या, नोंदी टंकित केल्या.

१९ ऑगस्ट

अवरक्त वर्णपट. साध्या पाण्याचा स्वतःचा पट्टा १,६४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो, अमाइड-१ च्या (पेप्टाइड बंधातल्या कार्बोनिलचा पट्टा) बरोबर डोक्यावर, म्हणून जड पाण्यात केलं. जड पाण्यात सामूमापकाच्या वाचनात ०.४ मिळवायचे हे विसरायचं नाही.

जीडीएल आणि डीएमएसओ, दोन्हींत १,६३० जवळ टोकदार शिखर, म्हणजे बीटा-शीटसारखी (साखळ्या शेजारी-शेजारी हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या) रचना, आणि १,६८५ ते १,६९० च्या दरम्यान दुसरं लहान. प्रथिनांच्या अभ्यासात हे दुसरं शिखर दिसलं की प्रतिसमांतर बीटा-शीट असं लिहायची सवय आहे. इथे तसं लिहिणं चुकेल, कारण एफमॉकला जोडणाऱ्या कार्बामेटचा कार्बोनिलही तिथेच शोषण करतो. २०१३ मध्ये हा इशारा सविस्तर दिला गेला आहे. मी फक्त एवढंच लिहीन की रेणूंची शेजाऱ्याशी असलेली मांडणी दोन्ही वाटांत सारखी दिसते.

२६ ऑगस्ट

प्रमाण बदलून : २, ३, ५, ७.५, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. जीडीएलची वाट, जीडीएलही त्याच पटीत. जी-प्राइम आणि प्रमाण लॉग-लॉग कागदावर मांडले तर सरळ रेषा, उतार २.२, म्हणजे जी-प्राइम प्रमाणाच्या २.२ या घातांकाने वाढतो.

सिद्धांत काय म्हणतो : फेसासारख्या, वाकणाऱ्या काड्यांच्या सांगाड्यासाठी घातांक २. अर्धलवचिक तंतूंच्या घट्ट गाठी मारलेल्या जाळ्यासाठी, मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या मांडणीत, २.५. माझा आकडा बरोबर मधे. पाच बिंदू, तेही दहापटीच्या आतल्या पट्ट्यात, आणि प्रत्येकावर दहापंधरा टक्के अनिश्चितता. यावरून एक सिद्धांत निवडणं मला प्रामाणिक वाटत नाही. २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कुपीगणिक आकडा उड्या मारतो, दहाच्या वर द्रावण ढवळताना हवेचे बुडबुडे अडकतात. पट्टा रुंद करायचा तर पद्धत बदलावी लागेल.

२ सप्टेंबर

सुई आणि बुडबुडा. जेलमध्ये बारीक सुई खुपसायची, हळूहळू हवेचा दाब वाढवायचा, आणि ज्या दाबाला सुईच्या टोकाशी बुडबुडा एकदम फुगतो तो दाब नोंदवायचा. रबरासारख्या पदार्थासाठी हा दाब म्हणजे यंगच्या गुणांकाचा (ओढून ताणताना दिसणारा ताठपणा) पाच षष्ठांश, अधिक दुप्पट पृष्ठताण भागिले सुईची त्रिज्या. ०.२ मिलिमीटर त्रिज्येला पृष्ठताणाचा वाटा ७२० पास्कल येतो. पद्धतीची गंमत ही की कुपीतल्या कुपीत, वेगवेगळ्या खोलीवर मोजता येतं.

जीडीएलच्या जेलला जी-प्राइम ८,०००, म्हणजे यंगचा गुणांक त्याच्या तिप्पट धरून २४,०००, म्हणजे बुडबुडा २०,७०० पास्कलला यायला हवा. आला १२,००० च्या आसपास. तीनदा तसंच. कॅमेरा लावून हळू गतीत पाहिलं : गोल बुडबुडा झालाच नव्हता, सुईच्या टोकापासून चपटी, भिंगासारखी चीर गेली होती. पदार्थ फुगण्याआधी फाटला, तेव्हा फुगण्याचं सूत्र त्याला लागूच नाही. आकडा टाकून द्यायचा नाही, फक्त त्याला वेगळ्या रकान्यात ठेवायचं : फाटण्याचा दाब.

खोली बदलून घेतलेली मोजणी मात्र थेट उपयोगी. जीडीएलच्या कुपीत वर, मधे, तळाशी तेच. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कुपीत वर आणि तळाशी तिप्पट फरक. गुठळ्या खाली बसल्या होत्या. फिरकी या सगळ्याची एकच सरासरी दाखवत होती.

९ सप्टेंबर

गोलांचा आकार मुद्दाम बदलता येतो का? एफमॉक-एफएफ तेवढंच, डीएमएसओ ५, १०, २०, ३० टक्के. अंदाज असा : डीएमएसओ जास्त म्हणजे रेणूला द्रावणात राहणं सोसतं, अतिसंपृक्तता कमी, केंद्रकं कमी, म्हणून गोल कमी पण मोठे.

तसंच झालं. ३० टक्क्यांना जेल होण्याचा वेळ लांबला आणि कॉन्फोकलमध्ये गोल चौकटीच्या बाहेर जाऊ लागले. ५ टक्क्यांना तेच वीसतीस मायक्रोमीटर. आणि मोडून परत येणं? मोठ्या गोलांचं जेल कमी परतलं, निम्म्याच्या आसपास. सीमा कमी, तेव्हा मोडताना गोलांमधूनच फुटावं लागत असेल, असं मला वाटतं. मोडलेल्या जेलचं कॉन्फोकल केल्याशिवाय हे "वाटतं"च राहील.

एक अडचण स्वच्छ लिहून ठेवते. डीएमएसओ वाढवलं की गोलांचा आकार तर बदलतोच, पण विद्रावकही बदलतो, आणि तंतूंमधली ओढही बदलत असणार. दोन गोष्टी एकदम हलल्या आहेत. जेल झाल्यावर वर पाणी ठेवून डीएमएसओ धुऊन काढायचं आणि मग सगळ्यांची मोजणी एकाच विद्रावकात करायची, हा त्यावर उपाय. दोन आठवड्यांचं काम आहे, पण करायलाच हवं.

१६ सप्टेंबर

लहान कोनातल्या क्ष-किरण विकिरणाची मोजणी दुसऱ्या संस्थेतून आली. ओली जेल, काचेच्या केशनलिकेत. दोन्ही वाटांचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात, दंडगोलाचं प्रतिमान दोन्हींना लागू होतं, त्रिज्या काही नॅनोमीटर.

म्हणजे आता चित्र असं : शेजारी-शेजारी रेणू, सारखे. तंतूची जाडी, सारखी. त्याच्या हजारोपट मोठ्या मापावर, तंतू एकमेकांशी कसे मांडले गेले यात, फरक. आणि मोडून परत येण्याचा गुण त्या वरच्या मापावर ठरतो. रेणूची रासायनिक रचना कितीही तपशिलात पाहिली असती तरी तो फरक तिथे सापडला नसता.

२० सप्टेंबर

या वर्षी आलेल्या विद्यार्थिनीला एक पान दिलं, तोंडी काहीही सांगितलं नाही. पानावर डीएमएसओच्या वाटेची कृती : पावडर किती, डीएमएसओची बाटली कधी उघडली, पाण्याचं तापमान, पाणी कोणत्या पिपेटने आणि किती सेकंदांत घातलं, कुपीची त्रिज्या, किती तासांनी मोजलं. तिने तीन कुप्या केल्या.

जी-प्राइम १०,४००, ११,२००, ९,८००. मोडल्यावर परत आले अनुक्रमे ७९ टक्के, ८२ टक्के, ४१ टक्के.

पहिल्या दोन कुप्यांनी मला खूप आनंद झाला. तिसरीबद्दल तिला विचारलं, काही वेगळं केलंस का? ती आधी नाही म्हणाली. मग आठवून म्हणाली, "ताई, पाणी घातल्यावर पांढरं झालं ना, मला वाटलं नीट मिसळलं नाही. म्हणून ती एक हातात धरून हलवली, अगदी थोडी."

पानावर हलवण्याबद्दल एक शब्द नव्हता. मी स्वतः कधी हलवत नाही, त्यामुळे लिहायचं सुचलंच नाही.

उद्या : तीन कुप्या पांढऱ्या असताना हलवून, तीन पारदर्शक झाल्यावर हलवून, तीन न हलवता. सगळ्यांचं कॉन्फोकल, मोडण्याआधी आणि मोडल्यानंतर.